चांदी भरलेल्या जुन्या दाढेखाली कीड असेल तर कळणार कसं?

ताम्हण

मंडळी, महिनाभर एकाच विचाराने डोकं पोखरलंय, म्हणून हा धागा.

माझं वय ४७. कॉलेजात असताना, १९९६-९७ च्या सुमारास, सांगलीच्या आमच्या नेहमीच्या दातांच्या डॉक्टरांनी खालच्या दोन आणि वरच्या एका दाढेत चांदी भरली होती. त्या दाढांनी आजवर कधी त्रास दिला नाही. गेल्या महिन्यात पुण्यात एका नव्या दवाखान्यात दात साफ करून घ्यायला गेले. तिथल्या डॉक्टर म्हणाल्या, "तिन्ही फिलिंग जुनी झालीत, खाली कीड असू शकते. काढून दाताच्या रंगाचं भरू. खोल निघाली तर रूट कॅनाल आणि कॅप." छोटा कॅमेरा तोंडात फिरवून स्क्रीनवर दाखवलंही. चांदीच्या कडेने काळी रेघ आहे आणि एका दाढेची भिंत आतून करडी दिसते. एक्स-रे काढला, पण चांदी त्यात पांढरीफटक येते आणि तिच्यामागचं काही दिसत नाही, असं त्यांनीच सांगितलं.

दुखत नाही, ठणकत नाही, गार-गरम लागत नाही. पण तेव्हापासून जीभ सारखी तिथेच जाते. आत काहीतरी कुरतडतंय असं रात्री वाटत राहतं. उघडून पाहायचं तर चांगली दाढ उगाच कोरली जाईल ही भीती, नाही उघडायची तर एक दिवस थेट मुळापर्यंत गेलेली कळेल ही भीती.

न उघडता खाली काय चाललंय ते कळायचा काही मार्ग आहे का? ज्यांनी जुनी चांदी काढली, त्यांच्या आत काय निघालं?

पाटीलवाडा

दुखत नाही ना? मग हात लावू नका. आमच्या वडिलांच्या दाढेत मिरजेला भरलेली चांदी चाळीस वर्षं होऊन गेली तरी आहे तशी आहे. ७८ व्या वर्षी ऊस दाताने सोलून खातात.

गवतीचहा

पाटील, माझा अनुभव बरोब्बर उलटा. मलाही काही दुखत नव्हतं. एक दिवस साधा वरणभात खाताना दाढेचा कोपरा निघून हातात आला. चांदी जागच्या जागी घट्ट होती, दाढच तिच्याभोवती पोकळ झाली होती. डॉक्टरांनी हातात आरसा देऊन दाखवलं. चांदी काढल्यावर खालचा भाग तपकिरी आणि भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा मऊ होता. मशीनसुद्धा लावावं लागलं नाही, बारीक चमच्यासारखं हत्यार असतं त्याने थरच्या थर निघत होते. रूट कॅनाल, कॅप, सगळं करावं लागलं.

ताम्हण, दुखण्याची वाट पाहू नका. आधी काही महिने त्या दोन दाढांमध्ये फ्लॉस घातला की दोरा पिंजून बाहेर यायचा आणि त्याला घाण वास यायचा. तुम्हाला असं होतं का, ते बघा.

मनमोर

दात आहेत तोवर चणे खाऊन घ्यावेत, नंतर चणे असतात पण दात नसतात. :) ताम्हणताई, काळजी करू नका, इथे बकुळफूल आहेत, दातांच्या डॉक्टर, त्या सांगतील नीट.

शंकेखोर

एक्स-रेत काही दिसत नाही, पेशंटला दुखत नाही, तरी तिन्ही दाढा उघडायच्या, हे मला पटत नाही. हल्ली दवाखान्यात शिरलं की आधी कॅमेरा, मग पॅकेज, मग हप्ते. माझ्या बायकोला एके ठिकाणी पाच दातांचं काम सांगितलं. दुसरीकडे दाखवलं तर एकाच दाताला गरज निघाली. दुसरं मत घ्या. मुंबईत असाल तर नायरचं दंत महाविद्यालय आहे, सीएसएमटीजवळचं सरकारी आहे. नागपूरला आणि संभाजीनगरलाही सरकारी आहे. वेळ लागतो, पण तिथे कोणाला कॅप विकायची घाई नसते.

तिरफळ

गोव्यातल्यांसाठी बांबोळीचं सरकारी दंत महाविद्यालय. माझ्या आईचं सगळं काम तिथेच झालं. शिकणारी मुलं करतात पण शिक्षक डोक्यावर उभे असतात, दर पायरीला तपासून पुढे जाऊ देतात.

बकुळफूल

मनमोर, आले हो. आज ओपीडी उशिरापर्यंत होती. जरा लांब लिहिते, कारण हा प्रश्न मला रोज कोणी ना कोणी विचारतं आणि खुर्चीवर दोन मिनिटांत उत्तर देणं होत नाही.

फिलिंग जुनं झालं, एवढं कारण ते बदलायला पुरत नाही. चांगली भरलेली चांदी दहा-पंधरा वर्षं सहज जाते. पंचवीस-तीस वर्षं झालेली, धडधाकट चांदी मी दर आठवड्याला पाहते आणि पॉलिश करून तशीच ठेवते.

फिलिंगच्या जोडीने पुन्हा लागणारी कीड बहुतेकदा मध्यभागी, बुडाखाली आपोआप उगवत नाही. ती कडेने शिरते. त्यातही सगळ्यात जास्त दोन दाढा जिथे एकमेकींना टेकतात तिथे, फिलिंगची हिरडीकडची कड असते तिच्या खालून. तिथे ब्रश पोचत नाही, भरतानाही तीच जागा सगळ्यात अवघड, लाळ आणि रक्त यायचं तिथेच.

म्हणून "एक्स-रेत काही दिसत नाही" हे अर्धंच खरं. चांदीच्या मागे गालाच्या किंवा जिभेच्या बाजूला कीड असेल तर ती झाकली जाते, हे बरोबर. पण चांदीच्या खालच्या कडेशी आणि चांदी व नस यांच्यामध्ये काय आहे ते दिसू शकतं, एक्स-रे योग्य प्रकारचा असेल तर. त्याला बाईटविंग म्हणतात. सेन्सरवरची छोटी पट्टी दातांत चावून धरायची, वरच्या आणि खालच्या दाढांचे माथे एकाच चित्रात येतात आणि किरण दोन दाढांच्या फटीतून सरळ जातात. आपल्याकडे बहुतेक दवाखान्यांत मुळाचा एक्स-रे काढतात. तो मुळाच्या टोकासाठी उत्तम, पण कोन जरा तिरका गेला की दाढा एकमेकींवर चढलेल्या दिसतात आणि नेमकी फट झाकली जाते. पूर्ण जबड्याचा ओपीजी अक्कलदाढेसाठी, हाडासाठी ठीक. फिलिंगच्या कडेची बारीक कीड त्यात शोधू नये.

ताम्हण, तुमचा कुठला काढला होता?

आता काळी रेघ. ती एकटी असेल तर तिला मी कीड म्हणत नाही. चांदीची कड वर्षानुवर्षं चावून बारीक झिजते, तिथे चहा-कॉफीचा डाग बसतो. करडी भिंत म्हणजे बहुतेकदा पातळ एनॅमलमधून, म्हणजे दाताच्या वरच्या कडक कवचातून, चांदीच दिसत असते, किंवा चांदीतल्या धातूंचा रंग त्याखालच्या डेंटिनच्या थरात उतरलेला असतो. मला काळजी वाटते ती वेगळ्या गोष्टींची. कड तुटून खड्डा पडलाय, वाळवून पाहिलं तर शेजारच्या एनॅमलखाली पिवळट-तपकिरी सावली आहे, कडेला मऊ लागतंय, अन्न नव्याने अडकायला लागलंय, गवतीचहांनी सांगितलं तसा फ्लॉस पिंजतोय. ही खरी खूण.

आणि उघडण्याची किंमत दाढच मोजते. फिलिंग काढताना कितीही जपलं तरी थोडा निरोगी दात जातोच. लहान फिलिंगचं मोठं होतं, मोठ्याचं आणखी मोठं, भिंती पातळ होतात, एक दिवस भिंत तडकते आणि मग रूट कॅनाल-कॅप. त्यामुळे फक्त एका कडेला बिघाड असेल तर तेवढीच कड कोरून भरता येते, बाकी चांदी तशीच ठेवून. याला दुरुस्ती म्हणतात आणि ती अगदी मान्यताप्राप्त पद्धत आहे. पेशंटला मात्र हा पर्याय क्वचितच सांगितला जातो, याचं मला वाईट वाटतं.

ताम्हण

डॉक्टर, किती नीट सांगितलंत! माझा एक्स-रे म्हणजे एकेका दाढेचा मुळासकट आहे. म्हणजे बाईटविंग नाहीच. अन्न अडकतं, पण फक्त खालच्या उजव्या बाजूला आणि तेही अलीकडे. मेथीची भाजी, आंब्याचे धागे. फ्लॉस आज पहिल्यांदा तिथे लक्ष देऊन घातला. डावीकडे टकटक करून नीट बाहेर येतो, उजवीकडे अडकला आणि तुटला.

पाटीलवाडा

एक्स-रेची किरणं सारखी सारखी घेणं बरं नव्हे, असं आपलं माझं मत.

बकुळफूल

पाटीलसाहेब, दोन डिजिटल बाईटविंगची मात्रा आपल्याला एका दिवसात जमिनीतून, हवेतून, अन्नातून आपोआप मिळणाऱ्या किरणांपेक्षा जास्त नसते. विनाकारण काढू नयेच, पण इथे कारण आहे.

अनिवासी_लीड्स

इथे इंग्लंडमध्ये बाईटविंग हा नेहमीच्या तपासणीचाच भाग. धोका कमी असलेल्या मोठ्या माणसाला साधारण दोन वर्षांनी, कीड पटापट लागणाऱ्याला सहा महिन्यांनी. तपासणीला कधी यायचं तेही माणसागणिक ठरतं, तीन महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत. याचा फायदा असा की जुने एक्स-रे शेजारी ठेवून तुलना करता येते. माझ्या एका दाढेत फिलिंगखाली बारीक काळसर पट्टा दिसतो. डेंटिस्ट दर वेळी जुनं चित्र उघडते, नवं शेजारी ठेवते आणि म्हणते, हलला नाही. म्हणून अजून हात लावलेला नाही.

तोटा म्हणाल तर एनएचएसचा, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेचा, डेंटिस्ट मिळणं हेच मोठं दिव्य. भारतात आलो की दातांची कामं उरकून जाणारे आमच्यात पुष्कळ आहेत.

शंकेखोर

@अनिवासी, काळा पट्टा दिसतोय आणि तरी सोडून दिलाय? धाडस आहे.

बकुळफूल

धाडस नाही, शंकेखोर. फिलिंगशेजारी दिसणारी प्रत्येक काळी पट्टी कीड नसते. काही जुनी सिमेंट आणि फिलिंग दाताला चिकटवायचा पातळ थर एक्स-रेत काळाच येतो. शिवाय झगझगीत पांढऱ्याला लागून असलेला भाग डोळ्याला आहे त्यापेक्षा गडद दिसतो, त्याला माख पट्टा म्हणतात. कीड पसरते, हे पट्टे जागचे हलत नाहीत. म्हणूनच जुने एक्स-रे जपून ठेवा म्हणते मी. फोनमध्ये फोटो काढून ठेवला तरी चालेल, तारीख घालून.

रानजाई

मला वेगळाच प्रश्न आहे. चांदीत पारा असतो ना? मग कीड असो-नसो, काढूनच टाकलेली बरी नाही का? युरोपात बंदी आली म्हणे.

बकुळफूल

असतो, वजनाने जवळपास निम्मा. बाकी चांदी, कथील, तांबं. पाऱ्याचा वापर कमी करण्यासाठी झालेल्या २०१३ च्या मिनामाता करारापासून जगभर तिचा वापर कमी होत चाललाय, भारतानेही २०१८ मध्ये तो करार मान्य केला. युरोपियन संघात १ जानेवारी २०२५ पासून, काही वैद्यकीय अपवाद सोडून, नवीन चांदी भरायला बंदी आहे. त्या बंदीमागे पर्यावरणाचा विचार मोठा आहे. पण तोंडात असलेली धडधाकट चांदी उपटून काढा, असं ती बंदी सांगत नाही. पाऱ्याची वाफ सगळ्यात जास्त निघते ती भरताना आणि कोरून काढताना. निव्वळ भीतीपोटी काढायला गेलात तर जे टाळायचं तेच ओढवून घेता. काढायचीच वेळ आली तर रबर डॅम (दाढेभोवती बसवायचा रबराचा पडदा), भरपूर पाणी आणि जोरदार सक्शन आहे ना, ते बघा.

वऱ्हाडी_ठेचा

आमच्या यवतमाळकडे उलटी तऱ्हा आहे. बोअरच्या पाण्यात फ्लोराईड जास्त, पोरांचे दात पिवळे-तपकिरी. चंद्रपूर, नांदेडलाही तेच. लोकांना वाटते कीडच लागली. आणि इकडे टीव्हीवर सांगतात फ्लोराईडची पेस्ट वापरा. मग खरं काय समजावं माणसानं?

बकुळफूल

दोन्ही खरं, ठेचाभाऊ. पिण्याच्या पाण्यात लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर फ्लोराईड असलं आणि दात जबड्यात तयार होत असताना मूल ते रोज पीत असलं, तर डाग पडतात. तिथे पाण्याची व्यवस्था बदलायला हवी, आणि पुढे हाडांचाही प्रश्न असतो. पेस्टमधलं फ्लोराईड वरून काम करतं, गिळायचं नाही. आपल्याकडे पेस्टला १००० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत हजार भागांची, मर्यादा आहे. जुनी फिलिंग असणाऱ्या मोठ्या माणसाने रात्री फ्लोराईडच्या पेस्टने दात घासावेत, फेस थुंकावा आणि नंतर खळखळून चूळ भरू नये. पेस्टचा पातळ थर दातांवर राहू द्यावा. कडेने शिरणाऱ्या किडीला अडवायचा घरच्या घरी एवढा स्वस्त उपाय दुसरा नाही.

लेकुरवाळी

चूळ भरायची नाही?? माझी सासू मला घराबाहेर काढेल. :) पण आजपासून करते.

खानदेशी_कळणा

मधुमेहवाल्यांसाठी एक लिहून ठेवतो. माझ्या भावाच्या फिलिंग वर्षानुवर्षं ठीक होत्या. साखर वाढली, रक्तदाबाची गोळी सुरू झाली, तोंड कोरडं पडायला लागलं आणि दीड-दोन वर्षांत फिलिंगच्या कडेकडेने किडत गेलं. डॉक्टर म्हणाले, लाळ कमी झाली की दाताचा पहारा उठतो. त्यात तोंड ओलं राहावं म्हणून तो दिवसभर लिमलेटच्या गोळ्या चघळायचा. म्हणजे ताम्हणताईंच्या दाढा इतकी वर्षं टिकल्या म्हणून पुढेही टिकतीलच, असं धरू नये. नवीन गोळ्या सुरू झाल्या असतील तर दातांच्या डॉक्टरांना सांगावं.

बकुळफूल

अगदी महत्त्वाचं लिहिलंत. ॲलर्जीच्या, नैराश्याच्या काही गोळ्यांनीही तोंड कोरडं पडतं. डोक्या-मानेला रेडिएशन घेतलेल्यांनी तर फार जपायला हवं.

पाटीलवाडा

डॉक्टर, एक विचारतो. आमच्या पुतण्याला पुण्यात सांगितलं की आतली कीड पूर्ण काढलेली नाही, थोडी ठेवून वरून भरलंय. हे कसलं काम? सुताराने वाळवी ठेवून वर पॉलिश मारावं तसं झालं की.

बकुळफूल

नाही, हे उलट जपून केलेलं काम आहे. खोल खड्ड्यात नसेजवळ शेवटचा मऊ थर खरवडायला गेलं की नस उघडी पडते आणि रूट कॅनाल अटळ होतं. म्हणून कडेचा सगळा घेर कडक, स्वच्छ होईपर्यंत कोरायचा आणि तळाशी नसेवरचा थोडा थर ठेवून वरून घट्ट बंद करायचं. जंतूंना साखर मिळाली नाही की ते थंडावतात. अमेरिकेत कीड आत ठेवून वरून सीलबंद केलेल्या दाढा दहा वर्षं पाहिल्या गेल्या, १९९८ मध्ये तो अभ्यास छापून आला. आतली कीड पुढे सरकली नव्हती. स्कॉटलंडच्या नोर्ना हॉल या डॉक्टरांच्या पद्धतीत तर मुलांच्या दुधाच्या दाढा न कोरताच स्टीलच्या टोपीने बंद करतात.

यातला कळीचा मुद्दा कडेचा. कड घट्ट असेल तर आत राहिलेला थर निपचित पडतो, कड फुटलेली असेल तर जेवताना प्रत्येक वेळी त्याला खाऊ पोचतो. ताम्हण, म्हणून मला तुमच्या उजव्या दाढेची काळजी वाटते, बाकी दोन्हींची नाही.

गवतीचहा

हे आधी कोणी सांगितलं असतं तर मी इतक्या रात्री जागून काढल्या नसत्या. कॅपखालीही कीड लागते का हो? रूट कॅनाल झालेल्या दाढेला तर दुखायची सोयच नाही.

बकुळफूल

लागते, आणि तुम्ही म्हणता तेच खरं. नस काढलेली असते, त्यामुळे दाढ ओरडत नाही. कॅपची हिरडीकडची कड, तिथेच लक्ष ठेवायचं. घाण वास, कॅप किंचित हलणं, हिरडी तिथेच वारंवार सुजणं, यांतलं काही झालं तर लगेच दाखवायचं.

ताम्हण

मंडळी, येऊन गेले डॉक्टरांकडे. सरकारी दंत महाविद्यालयात वर्षानुवर्षं शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई आमच्या भागात बसतात, त्यांना दाखवलं. दोन्ही बाजूंचे बाईटविंग काढले. त्यांनी मला खुर्ची वळवून स्क्रीनसमोर बसवलं आणि पेनाच्या टोकाने दाखवलं. डावीकडच्या चांदीची खालची कड दाढेला रेघ मारल्यासारखी चिकटलेली. वरच्या दाढेचंही तसंच. खालच्या उजव्या दाढेत मात्र चांदीचा पांढरा चौकोन संपतो तिथे, मागच्या कोपऱ्याखाली, बोटाने पुसल्यासारखा करडा डाग. तो नसेकडे तिरका सरकलेला.

मग कापसाच्या बोळ्यावर थंड स्प्रे मारून तिन्ही दाढांना लावला. तिन्हींना गार लागलं आणि लगेच गेलं, म्हणजे नस जिवंत आहे आणि चिडलेली नाही असं म्हणाल्या.

डावी: कड घासून पॉलिश, बस. वरची: कडेचा एक टवका उडालाय, तेवढाच कोरून भरला, इंजेक्शनही लागलं नाही. खालची उजवी उघडली. निळं रबर लावून दाढ एकटी बाहेर काढल्यासारखी केली, चांदी तुकड्यातुकड्यांनी काढली. खाली मऊ निघालं, कोपऱ्यात बरंच. तळाचा पातळ थर नसेवर ठेवून काचेसारखं सिमेंट आणि वर कॉम्पोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचं फिलिंग, भरलं. रूट कॅनाल लागलं नाही! सहा महिन्यांनी पुन्हा थंड स्प्रे आणि एक्स-रे. मधल्या काळात रात्री आपोआप ठणकलं किंवा गार लागून बराच वेळ कळ राहिली तर थांबायचं नाही, असं बजावलंय.

बकुळफूल, तुमचे उपकार कसे फेडू? काल कितीतरी दिवसांनी रात्रभर झोप लागली.

शंकेखोर

अभिनंदन! म्हणजे पहिल्या दवाखान्याने तीन सांगितल्या, खरी एकच निघाली.

गवतीचहा

शंकेखोर, ती एक खरी निघाली हेही म्हणा की. पहिल्या डॉक्टरांनी शंका काढली नसती तर ताम्हण बाईटविंगपर्यंत पोचल्याच नसत्या.

शंकेखोर

मान्य. पण योग्य एक्स-रे काढायच्या आधी तिघींना कोरायचं ठरवलं होतं, यावर माझा आक्षेप कायम.

पाटीलवाडा

वडिलांना पुढच्या आठवड्यात घेऊन जातो मिरजेला. ऊस खातात तरी. बाईटविंगच म्हणायचं ना?

बकुळफूल

हो, दाढांचं बाईटविंग, दोन्ही बाजूंचं. गोळ्या कोणत्या चालू आहेत ती यादी बरोबर न्या. तोंड लहान असेल किंवा उलटीची उबळ येत असेल तर आधी सांगा, छोटा सेन्सर वापरतात.

ताम्हण, नव्या फिलिंगवर चावताना उंच लागत असेल तर दोन-तीन दिवसांच्या वर सहन करू नका, जाऊन घासून घ्या. आणि त्या फटीत फ्लॉस रोज रात्री. दोरा वर ओढून काढायचा नाही, बाजूने सरकवून काढायचा.

वऱ्हाडी_ठेचा

डॉक्टर, आमच्या मायच्या कॅपखाली वास येतो म्हणते ती. नागपूरला सरकारी कॉलेजात न्यावं का? सोमवारी जमते.

बकुळफूल

न्या. सकाळी लवकर जा, नोंदणीची रांग मोठी असते. कॅप निघून हातात आली तर टाकू नका, डबीत घालून घेऊन जा.